हुमणीवरची हिरवी बुरशी

मुंग्यांना 'झोंबी' करणारी बुरशी उद्या माणसालाही धरेल का, असं काही जण विचारतात. मला ती भीती वाटत नाही. या बुरशा कोट्यवधी वर्षं ठरावीक कीटकांशीच जुळवून घेत आल्यात. अशी बुरशी लागलेली मुंगी मरण्याआधी पानाला घट्ट चावते; जर्मनीत मेसेलला सापडलेल्या ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या पानावरसुद्धा तशा चाव्यासारख्याच खुणा आहेत.

मला खरी ओढ आहे ती मेटारायझियम या कीटक मारणाऱ्या बुरशीची. आमच्या माढ्याकडे उसाला हुमणी (जमिनीत राहून मुळं खाणारी अळी) लागली की शेणखतात मिसळून हीच बुरशी टाकतात. बुरशीचे बीजाणू (बियांसारखे सूक्ष्म कण) अळीच्या कातडीला चिकटतात, ती विरघळवत आत शिरतात. अळी मरून कडक होते आणि ओल असली की वरून हिरवीगार पडते! सोलापूरच्या कोरड्या हवेत म्हणूनच पावसानंतर, जमीन ओली असताना टाकायची.

गंमत म्हणजे हिचं जवळचं नातं गवताच्या आत राहणाऱ्या बुरशांशी आहे. आजही ती मुळांपाशी राहते, मारलेल्या किड्यातला नायट्रोजन झाडाला पोचवते आणि बदल्यात साखर घेते. मग हिला नुसतं परजीवी कसं म्हणायचं?

आणि कृपा करून त्याच दिवसांत बुरशीनाशकाची आळवणी करू नका, म्हणजे त्याचं द्रावण मुळांशी ओतू नका. आमच्या शेजारच्या रानात तसंच झालं, सगळी मेहनत वाया गेली.