मदत हवी आहे: मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत घरातली शिस्त पार बिघडते

आम्ही मालवणजवळ राहतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घरी सासू-सासरे, मी आणि नवरा. नवऱ्याची मासेमारीची बोट आहे. एरवी तो रात्री-अपरात्री समुद्रावर आणि दिवसा झोपलेला, त्यामुळे मुलाचं सगळं माझ्याकडे. शाळेतून आल्यावर आधी गृहपाठ, संध्याकाळी अर्धा तास मोबाईल, जेवताना मोबाईल नाही. कुरकुरत का होईना, पाळतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट वर ओढलेली, नवरा दिवसभर घरी, बाहेर धो धो पाऊस. नेमकी जूनच्या मध्यावर शाळाही सुरू होते. म्हणजे नवी वही, नवं वेळापत्रक आणि शेजारी मोबाईलवर बोटींचे व्हिडिओ लावून बसलेले बाबा! काही बोलले की, "दहा म्हयने मी दर्यावर, आता तरी पोराक माझ्याबरोबर बसांदे." यावर काय बोलणार? त्याचं खोटं नाही.

सासूबाईंचं वेगळं. आधी त्याही नाही म्हणतात. मग तो रडला की, "रडयतंस कित्याक पोराक? दी तेका मोबाईल, दोन घास तरी जातले पोटात."

मोबाईल देतात याचं मला तेवढं वाटत नाही. आधी नाही म्हणतात आणि रडल्यावर देतात, हे डोक्यात जातं. कोणापुढे किती वेळ रडायचं याचा मुलाचा हिशोब पक्का आहे. माझ्यापुढे रडून मिळत नाही, म्हणून मी वाईट.

गंमत म्हणजे पावसाळ्यात मोठं माणूस सोबत नसताना किनाऱ्यावर जायचं नाही, हा नियम त्याने कधीच मोडलेला नाही. विचारतही नाही. कारण त्या बाबतीत आजोबा, आजी, बाबा, मी, सगळ्यांचं एकच "नाही" आहे आणि ते कधी बदललेलं नाही. म्हणजे मुलगा हट्टी नाही, खरं "नाही" कुठलं हे त्याला बरोबर कळतं.

मोबाईलचं "नाही" तसं कसं करायचं? आणि ऑगस्टमध्ये बोट सुटेपर्यंत जरा बसवलं, की गणपतीला चाकरमानी भावंडं हातात मोबाईल घेऊन हजर! तेव्हा काय करता?

(फटके द्या असं कृपया सांगू नका. तो सल्ला घरात सासरे देतातच.)

प्रतिसाद १
मी शिक्षिका होते, रत्नागिरीत. घरातल्या सगळ्यांचे नियम एकसारखे असलेच पाहिजेत असं नाही. वर्गात एक बाई कडक, दुसऱ्या मऊ, हे मुलं सहज पचवतात. एकाच माणसाचं "नाही" दहा मिनिटांत "हो" होतं, तिथे गोंधळ. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. टोच मारल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळणाऱ्या पक्ष्यापेक्षा कधीमधीच मिळणारा पक्षी, दाणा बंद झाल्यावरही कितीतरी जास्त वेळ टोचत राहतो. म्हणून नवऱ्याला कडक व्हायला सांगू नका. द्यायचा असेल तर मुलाने मागायच्या आधी, आपणहून द्या. एकदा नाही म्हटलं की मग नाही, एवढंच सांगा. सुरुवातीला रडणं वाढेल. तेव्हा घाबरून दिलात तर जास्त जोरात रडायचं असतं, एवढंच तो शिकेल.

प्रतिसाद २
मी जहाजावर असतो, म्हणून तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलतो. थोड्या दिवसांसाठी घरी आलेल्या बापाला नाही म्हणणारा माणूस व्हायचं नसतं. बायकोचे नियम पाळायला तर त्याहून जिवावर येतं. त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या. जाळी दुरुस्त करताना मुलाला शेजारी बसवून पाढे घ्यायचे, ते झाले की व्हिडिओ. ते सगळं बाबांचं खातं, तुम्ही मध्ये पडायचं नाही.

प्रतिसाद ३
अर्धा तास जरा कमीच नाही का? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत असं सांगितलंय. सुट्टीच्या दिवशी तासभर करा, पण तो तुम्ही ठरवलेला असू दे. गणपतीचंही तसंच. विसर्जनापर्यंत मोकळीक, दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं, हे चतुर्थीच्या आधीच सांगून ठेवायचं. आधी सांगितलेली सूट मुलं नियम मोडल्यात धरत नाहीत.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. जाळ्यांशेजारी पाढे नवऱ्याला लगेच पटले, आजपासूनच बसलेत दोघे. सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. जेवताना सगळे मोबाईल कपाटात ठेवायचं म्हटलं, तर त्यांचा भाऊ मुंबईहून नेमका आठच्या सुमाराला फोन करतो. तो घेतला की मोबाईल परत पानाशेजारी.

प्रतिसाद १
मग मुलाला साडेसातला वाढा.