चर्चा: गावच्या घरात गाण्यांसाठी रास्पबेरी पाय, की जुना मोबाइलच पुरे?

कपाशीवाला:
आमचं गाव दारव्ह्यापासून बरंच आत. आबांच्या भजनी मंडळाच्या ४० कॅसेटी संगणकात उतरवून झाल्या. तासाभराची कॅसेट फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली फाइल) ३००-४०० एमबी होते, म्हणजे सगळा ठेवा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हात मावतो. आता रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाचा झिरो २ डब्ल्यू हा बोर्ड, त्यावर पीसीएम५१०२ चिपचा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारा भाग), आणि हे सगळं बंद पडलेल्या रेडिओच्या खोक्यात बसवतोय. इंटरनेट लागत नाही, घरातला राउटर चालू असला की झालं. गावात मोबाइल-ब्लूटूथपेक्षा हेच बरं, असं माझं मत. मोबाइलवर खंजिरी रंगात आली की नेमका कोणाचा तरी फोन येतो.

पुसदचा मिस्त्री:
भाऊ, हौस म्हणा न, गरज कायले म्हणता? जुन्या मोबाइलातलं सिम काढा, ३.५ ची पिन अ‍ॅम्पात (अ‍ॅम्प्लिफायरात) खुपसा. फोन येत नाही, ब्लूटूथची कटकट नाही. त्यात डॅक हाय, पडदा हाय अन् मुख्य म्हणजे बॅटरी हाय. तुमच्या पायले काय हाय? झिरोले हेडफोनचं भोकही नाही. साध्या झिरोवर ४० पिनांची पट्टीसुद्धा आपणच डाग देऊन बसवा लागते. अन् लाइन गेली का त्यातलं मेमरी कार्ड बसलंच समजा. माह्या टेबलावर असे तीन येऊन गेले, तिन्हीचं कार्डच गेलं होतं.

कपाशीवाला:
सिम काढायचं सुचलं नव्हतं, मान्य. पण कार्डाला इलाज आहे. पायकोअरप्लेअर, म्हणजे पायवर गाणी वाजवणारी प्रणाली, सुरू होताना सगळं रॅममध्ये चढवतो, नंतर कार्डाला हात लावत नाही. महिनाभर दिवसातून दोन-तीनदा लाइन जातेय, कार्ड शाबूत आहे. आणि कायम चार्जिंगला लावलेला मोबाइल आपल्या मे महिन्यात फुगतो. आमचा फुगला.

पुसदचा मिस्त्री:
अर्धंच सांगून रायले. गाण्यांची यादी सांभाळणारा सर्व्हर त्याच बोर्डावर बसवला तर तो लिहितेच. वरून ५१२ एमबी रॅम. आता सर्व्हरसाठी दुसरा डबा आणता का?

कपाशीवाला:
सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर आहे, पेनड्राइव्हही त्यालाच. त्याला बॅटरी आहे.

पुसदचा मिस्त्री:
म्हणजे गाणं वाजवाले लॅपटॉप लागतेच! मंग पिन त्यालेच लावा न.

वरूडची माहेरवाशीण:
तुमचं तारांचं भांडण चालू द्या, पण वापरणार कोण? माझ्या भावानं आईला असंच बसवून दिलं आणि पुण्याला निघून गेला. राउटरचा पासवर्ड बदलला त्या दिवसापासून डबा मुका. आईला कोणता आयपी पत्ता टाकायचा ते काय कळणार? तिनं माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, आकाशवाणी नागपूर लावलं, विषय संपला.

कपाशीवाला:
ताई, म्हणूनच रेडिओचं खोकं. मूळ बटणाच्या जागी गोल फिरणारा एन्कोडर बसवलाय, तो थेट बोर्डाच्या पिनांना जोडलाय. आबा फिरवतात, आवाज वाढतो. दाबलं की पुढचं भजन. त्यांच्यासाठी तो रेडिओच आहे. पासवर्डाचं मात्र तुम्ही बरोबर बोललात, ते मी मागच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवतो.

झाडीपट्टीवाला:
मी कपाशीवाल्याच्या बाजूनं. दोन खोल्यांत दोन पाय ठेवले की ओसरीत अन् आजीच्या खोलीत एकच भजन, एकाच ठेक्यात वाजते. साध्या मोबाइलनं करून दाखवा. लाइनचं म्हणाल तर फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घ्या, तिला व्होल्ट उतरवून ५ करणारा बक कन्व्हर्टर लावा. झिरो दोनेक वॅटच खातो. डी-क्लासचं, म्हणजे कमी वीज खाणारं, छोटं अ‍ॅम्प बोर्डही त्याच १२ व्होल्टवर चालते.

पुसदचा मिस्त्री:
हे जमते, नाही म्हणत नाही. पण भजनं श्रावणात, अन् कपाशीची फवारणीही तेव्हाच. बॅटरी पंपात ठेवता का रेडिओत?

कपाशीवाला:
आबा म्हणतात रेडिओत. फवारायला मीच जातो ना.