मदत हवी आहे: ड्रॅग लावल्यावर गळती कमी होण्याऐवजी वाढली

बर्डीकर_पोट्टा:
तीन दिवसांपासून अडकलोय. ट्रान्समॉनवर (सुपरकंडक्टिंग सर्किटचा क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) पाय-पल्सचं सिम्युलेशन करून राहिलो. ८ नॅनोसेकंदांची गॉसियन पल्स. ० लेव्हलवरून १ वर जायला पाहिजे, पण थोडा भाग २ वर निसटतो, तीच गळती. म्हणून ड्रॅग (गळती रोखायला पल्समध्ये करायची दुरुस्ती) लावलं, तर गळती जवळपास चौपट! कोड कितीदा तरी वाचून काढला. सोमवारी सरांना दाखवायचंय. लवकर सांगा.

धंतोली_७:
सॉफ्टवेअर कोणतं? लेव्हल किती घेतल्या? अनहार्मोनिसिटी, म्हणजे ०-१ आणि १-२ उड्यांच्या वारंवारतेतला फरक, किती? यातलं काहीच लिहिलं नाही, सांगणार कसं भाऊ?

बर्डीकर_पोट्टा:
क्यूटिप. लेव्हल ३. अनहार्मोनिसिटी २५० मेगाहर्ट्झ.

हळूहळू_चाला:
८ ची घाई काहून? ४० करा. ०-१ आणि १-२ या दोन उड्यांच्या वारंवारतेत फक्त २५० मेगाहर्ट्झचं अंतर आहे. पल्स आखूड केली की तिचा स्पेक्ट्रम पसरतो आणि १-२ लाही हलवतो. माझ्या प्रोजेक्टमध्ये ४० ठेवली, ड्रॅगची गरजच पडली नाही.

वर्धा_रोड:
एका गेटला (क्यूबिटवरच्या एका क्रियेला) चालेल. हजार गेट लावा, मग बघा क्यूबिटचं किती आयुष्य नुसतं वाट बघण्यात जातं. ग्रेप वापरा. खनेजा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एनएमआरसाठी (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादासाठी) मांडलेली पद्धत आहे. पल्सचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची उंची ग्रेडियंटने सुधारत जायची.

हळूहळू_चाला:
आणि ती दातेरी पल्स खऱ्या केबलमधून गेली की दात बोथट होतात. कागदावरचा आकार क्यूबिटपर्यंत पोचतच नाही.

वर्धा_रोड:
बँडविड्थची अट घालता येते, साहेब. घालून बघितलीत का कधी?

संत्रानगरी:
सुपरकंडक्टिंग सर्किटचा विषय निघाला म्हणून सांगते. २०२५ चं भौतिकीचं नोबेल क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना १९८४-८५ मधल्या याच धर्तीच्या प्रयोगांसाठी मिळालं. २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००० कोटींहून जास्त मंजूर केले. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत असे क्यूबिट बनवतात. नागपूरच्या मुलांनी पीएचडीला अर्ज जरूर करावा.

बर्डीकर_पोट्टा:
ताई, धन्यवाद, पण आत्ता सोमवार गाठायचाय.

अजनी_चौक:
चौपट हा आकडाच सगळं सांगतोय. ड्रॅगमध्ये मूळ पल्सच्या डेरिव्हेटिव्हला अनहार्मोनिसिटीने भागून ते दुसऱ्या क्वाड्रेचरवर (९० अंश फेज सरकलेल्या लहरीवर) टाकतो. चिन्ह बरोबर असेल तर १-२ च्या वारंवारतेवर दोन्ही भाग एकमेकांना खोडतात, १ वजा १. चिन्ह उलटलं तर १ अधिक १. अॅम्प्लिट्यूड दुप्पट, म्हणजे संभाव्यता चौपट. ट्रान्समॉनची अनहार्मोनिसिटी ऋण असते. तुम्ही वर नुसतं २५० लिहिलंय. सूत्रात काय आहे?

बर्डीकर_पोट्टा:
हॅमिल्टोनियनमध्ये (ऊर्जेच्या सूत्रात) ऋण आहे. ड्रॅगच्या ओळीत मी एबीएस (ऋण चिन्ह काढून टाकणारं फंक्शन) लावलं होतं, भागाकारात गोंधळ नको म्हणून. थांबा.

बर्डीकर_पोट्टा:
झालं! एबीएस काढला आणि २ चा आलेख तळाला टेकला. पण आता ०-१ चं फिरणं थोडं कमी पडतंय, फेज सरकलेली दिसते.

अजनी_चौक:
ते होणारच. २ ची लेव्हल १ ला किंचित ढकलते, म्हणून पल्स चालू असताना ०-१ ची वारंवारता सरकते. ड्राइव्हला थोडं डिट्यूनिंग द्या (त्याची वारंवारता किंचित सरकवा) आणि अॅम्प्लिट्यूड पुन्हा जुळवा. डिट्यूनिंग नको असेल तर ड्रॅगचा गुणक १ ऐवजी ०.५ च्या आसपास घ्या. फेज सुधारेल, पण गळती थोडी परत येईल. मोत्झोई, गॅम्बेटा, रेबेनट्रॉस्ट आणि विल्हेल्म यांच्या २००९ च्या मूळ मांडणीत डिट्यूनिंगही आहे, लोक तेवढंच वगळतात.

धंतोली_७:
आणि लेव्हल ५ करून एकदा चालवा. ३ वर छत घातलंय, पुढे काही निसटलं तर दिसणारच नाही.

बर्डीकर_पोट्टा:
५ वर लावलंय. तोवर डिट्यूनिंगचा स्वीप लिहितो. अजनी_चौक, पल्सची दोन्ही टोकं शून्यावर आणावी लागतात का? माझी कापलेली आहेत.

अजनी_चौक:
हो, नक्की आणा. बेसलाइन, म्हणजे टोकाची उंची, वजा करा, नाहीतर टोकाची ती उडीच गळती करते.