जिमी डरहॅम यांच्या नावाआधीचा ‘चेरोकी’ शब्द काढावा का?

शिल्पवेध (धागाकर्ता):
शिल्पकार, कवी, निबंधकार आणि अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या हक्कांचे कार्यकर्ते जिमी डरहॅम (१९४०–२०२१) यांना आजही कुठेकुठे ‘चेरोकी कलावंत’, म्हणजे चेरोकी या मूलनिवासी समाजातले कलावंत, म्हणतात. जून २०१७ मध्ये मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन चालू असताना चेरोकी अभ्यासक आणि कलावंतांनी खुलं पत्र काढलं. तिन्ही मान्यताप्राप्त चेरोकी जमातींपैकी एकीचेही ते नागरिक नाहीत, व्हायला पात्र नाहीत, चेरोकी नातेवाईकही सापडत नाहीत, असं त्यात स्पष्ट होतं. माझं मत: शब्द काढा, शिल्पं ठेवा.

रानवाट:
साफ असहमत. सगळ्यात मोठी जमात चेरोकी नेशन ज्यांवरून नागरिक ठरवते, त्या डॉज (Dawes) या सरकारी आयोगाच्या याद्या जमातीच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडायला केल्या होत्या. कित्येकांनी मुद्दाम नाव घातलं नाही. त्या कागदावरून माणूस कोण हे ठरवायचं? आणि काम बघा ना! १९७३ नंतर अमेरिकन इंडियन मूव्हमेंट ही मूलनिवासींची चळवळ (इथे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतले मूलनिवासी), १९७४ पासून आंतरराष्ट्रीय इंडियन करार परिषद. १९७७ ला जिनिव्हात मूलनिवासी प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांच्या दारात उभे राहिले, त्याच्या तयारीत हा माणूस होता. संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्याकडे जाणारी वाट तिथून निघते.

शिल्पवेध:
कामाबद्दल वाद नाहीच. पण यादीचा मुद्दा इथे लागू पडत नाही. ज्यानं डॉज यादीत नाव घातलं नाही, त्याचे आजोबा-पणजोबा १८३५ च्या हेंडरसन किंवा १८५१ च्या ड्रेनेन या चेरोकींच्या जुन्या याद्यांत सापडू शकतात. भावंडं, चुलते कुठेतरी दिसतात. शिवाय तिन्ही जमातींच्या नागरिकत्वाच्या कसोट्या वेगळ्या आहेत: चेरोकी नेशनला डॉज यादीतला थेट पूर्वज पुरतो, रक्ताच्या प्रमाणाची अट नाही, युनायटेड कीटूवा बँडला एक-चतुर्थांश रक्त लागतं, ईस्टर्न बँडला १९२४ च्या बेकर यादीतला पूर्वज आणि एक-सोळांश. नागरिक कोण, हे ठरवणं जमातीचा सार्वभौम हक्क आहे. ज्या हक्कांसाठी डरहॅम लढले, त्यांतलाच हा एक!

काळाकातळ:
‘शिल्पं ठेवा’ इतकं सोपं नाही. १९८५ च्या सुमाराची त्यांची खोट्या संग्रहालयाची मांडणी घ्या: पिसं, हाडं, ‘पोकाहॉन्टस’ या इतिहासातल्या प्रसिद्ध मूलनिवासी स्त्रीची ‘अंतर्वस्त्रं’. ते विडंबन धारदार ठरलं, कारण बोलणारा आतला आहे असं प्रेक्षक धरून चालला. १९८६ च्या ‘सेल्फ पोर्ट्रेट’चंही तेच. तिथला ‘मी’ काढला की अर्थच हलतो. उलट १९९४ ला युरोपात गेल्यानंतरचं दगडांचं काम ओळखीवर उभं नाही. ‘सेंट फ्रिगो’मध्ये दगड मारून पोचे पाडलेला फ्रिज आहे, २००७ मध्ये क्रायस्लर स्पिरिट गाडीवर शित्ले ज्वालामुखीचा सुमारे ९ टनांचा खडक टाकला. त्यात वजन आणि आघात हेच बोलतात. म्हणून एकच सरसकट पाटी चालणार नाही.

रानवाट:
कायद्याचं काय? मूलनिवासी नसलेल्याचं काम मूलनिवासींचं म्हणून विकायला बंदी घालणाऱ्या १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानंतर, १९९३ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं की कायद्याप्रमाणे मी चेरोकी नाही. मग फसवणूक कसली?

शिल्पवेध:
तो कायदा विक्री आणि विक्रीसाठीच्या मांडणीपुरता आहे. पहिल्या गुन्ह्याला व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद. संग्रहालयातल्या निव्वळ प्रदर्शनाला तो लागत नाही, म्हणून शब्द टिकतो. जुन्या कॅटलॉगमधला परिचय नव्यात जसाच्या तसा उतरतो, ही खरी अडचण. काळाकातळ यांचा मुद्दा मान्य. नावाखाली फक्त ‘जन्म १९४०, अमेरिका, मृत्यू २०२१, बर्लिन’. ऐंशीच्या दशकातल्या कामांपाशी वेगळा परिच्छेद: त्या वेळी दावा काय होता, २०१७ मध्ये चेरोकींनी काय म्हटलं. ‘चेरोकी वंशाचे’ असा मधला मार्ग नको, तो जुनाच दावा झाला.

काळाकातळ:
आणि तो परिच्छेद चेरोकी अभ्यासकाकडून लिहून घ्यावा, मानधन देऊन.