मदत हवी आहे: पी१६ हे प्रोटीन पेशीविभाजनाचा ब्रेक आहे तर एचपीव्ही ह्या व्हायरसमुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये तो एवढा वाढलेला का असतो?

नमस्कार मंडळी, सेल सायकलचं रेग्युलेशन शिकतोय आणि एका जागी पार अडकलोय. कुणी पॅथॉलॉजी नाहीतर मॉलिक्युलर बायोलॉजीवालं असेल तर प्लीज सांगा.

आधी मला काय कळलंय ते लिहितो म्हणजे घोळ कुठे होतोय ते दिसेल. पेशीला वाढायचा सिग्नल मिळाला की जी१ मध्ये (डीएनए कॉपी व्हायच्या आधीच्या टप्प्यात) सायक्लिन डी हे प्रोटीन तयार होतं, ते सीडीके४/६ ह्या एन्झाइमांना चिकटतं, ही जोडी आरबी प्रोटीनवर फॉस्फेट लावायला लागते, मग सायक्लिन ई आणि सीडीके२ येऊन ते काम पुरं करतात आणि आरबीने धरून ठेवलेलं ई२एफ सुटतं. ते सुटलं की डीएनए कॉपी करायला लागणारे जीन्स चालू होतात आणि पेशी एस फेजमध्ये जाते, तो टप्पा ओलांडल्यावर बाहेरचा सिग्नल काढून घेतला तरी मागे फिरत नाही. पुढचं सायक्लिन बी, सीडीके१, स्पिंडल चेकपॉइंट वगैरे ठीक आहे, त्यात अडचण नाही.

अडचण पी१६ ची. पी१६ सीडीके४/६ ला रोखतं, त्यामुळे आरबी ई२एफला धरून राहतं आणि पेशी जी१ मध्येच थांबते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, मेलॅनोमात पी१६ चं जीन बऱ्याचदा उडालेलं किंवा बंद पडलेलं असतं, हे पटतं. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर पी१६ चा स्टेन केला तर गाठीच्या पेशी सलग गडद तपकिरी, न्यूक्लियस पण आणि सायटोप्लाझम पण, आणि शेजारचा नॉर्मल थर जवळजवळ कोरा. म्हणजे ब्रेक तर भरपूर आहे, मग विभाजन थांबत का नाही? हे पी१६ म्यूटेट झालेलं असतं का? आणि समजा ते चालत नाही, तर पी५३ आणि पी२१ हे दुसरे ब्रेक कुठे गेले, त्यांनी तरी थांबवायला हवं ना? "एचपीव्ही म्हणजे पी१६ पॉझिटिव्ह" एवढं पाठ करून भागणार नाही, कारण कळायला हवंय.

प्रतिसाद १:
पी१६ म्यूटेट वगैरे काही नसतं, चांगलं धडधाकट असतं आणि सीडीके४/६ ला रोखतही असतं. गडबड त्याच्या पुढे झालेली असते. व्हायरसचं ई७ प्रोटीन थेट आरबीलाच पकडतं आणि त्याची विल्हेवाट लावायला पेशीलाच भाग पाडतं, मग ई२एफ मोकळंच, सीडीके४/६ चालू असो की बंद, काय फरक पडतो? ब्रेकचं पेडल तळापर्यंत दाबलंय पण वायरच तुटलीय, तसं. आणि पी१६ वाढतं ते पण ह्याच कारणाने, कारण आरबी शाबूत असताना पी१६ च्या जीनवर त्याचा वचक असतो, आरबी गेलं की तो वचक सुटतो. म्हणजे तुम्हाला स्लाइडवर जो तपकिरी रंग दिसतो तो खरं तर आरबी निकामी झाल्याची खूण आहे.

पी५३ चा काटा व्हायरसचं दुसरं प्रोटीन ई६ काढतं. एरवी डीएनएला इजा झाली की पी५३ टिकून राहतं, पी२१ बनवायला लावतं आणि पी२१ सीडीके२ ला अडवतं. ई६ काय करतं तर पेशीच्याच ई६एपी नावाच्या एन्झाइमला हाताशी धरून पी५३ वर युबिक्विटिनची खूण लावून घेतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली प्रोटीन मोडणारी यंत्रणा, ते संपवून टाकते. हेला पेशी बघा, १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेऊन लॅबमध्ये वाढवत आलेल्या, त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे, पी५३ चं जीन नॉर्मल आहे, पण प्रोटीन टिकतच नाही. मला ह्यात सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं: व्हायरसचं ई२ प्रोटीन ई६ आणि ई७ ला आवरून धरतं, व्हायरसचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसताना बऱ्याचदा ई२ चं जीन तुटतं आणि ते दोघे मोकाट सुटतात. हेलामध्ये ई२ परत घातलं तर आरबी आणि पी५३ दोन्ही पुन्हा कामाला लागतात आणि इतकी वर्षं वाढत आलेल्या त्या पेशी विभाजन थांबवतात!

धागाकर्ता:
अहो खूप खूप आभार, डोक्यात एकदम प्रकाश पडला! मी सगळा वेळ पी१६ मध्येच दोष शोधत होतो. मग पाल्बोसिक्लिब हे कॅन्सरचं औषध पण सीडीके४/६ च बंद करतं ना, म्हणजे ते इथे काहीच करणार नाही असं समजू का? आणि पी१६ पॉझिटिव्ह दिसलं की एचपीव्ही आहेच असं धरायचं का?

प्रतिसाद २:
पाल्बोसिक्लिबचं बरोबर पकडलंत, ते पी१६ चंच काम करतं, त्यामुळे पुढे आरबी असेल तरच उपयोग. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह अशा पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी, तिथे आरबी बहुतेक वेळा शाबूत असतं. औषध चालू असताना काही पेशंटमध्ये आरबीचं जीनच बिघडतं आणि गाठ दाद द्यायची थांबते, रेझिस्टन्सच्या वाटांपैकी ती एक.

दुसऱ्याचं उत्तर नाही. फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर घ्या, तिथे एचपीव्हीचा संबंध नाही, पण आरबी जवळजवळ नेहमी गेलेलं असतं आणि पी१६ भरपूर दिसतं. म्हणून गाठ कुठली आहे ते आधी बघायचं. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाची असेल तर निदान ७० टक्के पेशींत न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम दोन्हीकडे ठसठशीत स्टेन दिसला तरच पॉझिटिव्ह म्हणतात, तिथे तो एचपीव्हीचा चांगला पुरावा धरतात. दुसऱ्या जागेची गाठ असेल आणि शंका असेल तर व्हायरसचा डीएनए किंवा ई६, ई७ चा आरएनए शोधायची टेस्ट करतात.