खाडीसमोरचं घर: सीवूड्स की उलवे?

नवी मुंबईत खाडी दिसणारा फ्लॅट सीवूड्समध्ये घ्यावा की तेच पैसे उलव्यात घालावेत, असं तुम्ही विचारलंय. आम्ही अकरा वर्षं नेरुळला पाम बीच रोडलगत राहतोय, म्हणून लिहिते.

हिवाळ्यात सकाळी चहा घेताना खिडकीतून फ्लेमिंगो दिसतात, हे सुख खरंच मोठं आहे. पण खारी हवा काहीच सोडत नाही. ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवावं लागतं, एसीची तांब्याची कॉइल आमच्याकडे चौथ्याच वर्षी गेली. शिवाय पाणी किती तुंबतं ते कळावं म्हणून घर बघायला जुलैत जा, तेही मोठ्या भरतीच्या दिवशी. इथली बरीच जमीन भरावाची. पावसाचं पाणी होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे साठवण तळ्यांत, साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. पाँड गाळाने भरले की रस्ते तुंबतात.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा अधिकृत दाखला, आधी मागा. जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे. किती वर्षं उरलीत ते बघा आणि हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते लिहून घ्या.

उलव्याला लोकल नोव्हेंबर २०१८ मध्येच आली; जानेवारी २०२४ मध्ये ती उरणपर्यंत गेली आणि मुंबईला जोडणारा अटल सेतूही सुरू झाला. पण विमानतळ शेजारीच आहे. एक रात्र तिथे राहून आवाज ऐका, मगच टोकन द्या.