पुण्याहून एका दिवसात पेडगाव, रेहेकुरी, राशीन, भिगवण जमेल का? (सोबत बाबा आणि दोन पोरं)

हडपसरकर
नमस्कार मंडळी, येत्या रविवारी गाडी काढतोय. बाबा ७१ वर्षांचे आहेत, त्यांना पेडगावचा बहादूरगड बघायचाय, कितीतरी वर्षं म्हणतायत. पोरांना (वय ९ आणि ६) हरणं आणि फ्लेमिंगो बघायचेत, आणि मला खरं सांगायचं तर भिगवणची मच्छी थाळी खायचीय. तर प्लॅन असा केलाय की सकाळी ७ ला निघायचं, दौंडवरून पेडगाव, मग दुपारी रेहेकुरी, मग राशीनच्या देवळातली हलती दीपमाळ, मग ४-५ च्या सुमारास भिगवणला बोटिंग आणि तिथेच जेवून परत. मॅपवर सगळं मिळून ३०० किमीच्या आसपास दिसतंय. जमेल ना? रेहेकुरीत चिंकारा नक्की दिसतात का?

माळरान_भटका
जमेल पण प्लॅन पूर्ण उलटा केलात तर. दुपारी एक वाजता रेहेकुरीत गेलात तर काळवीट बाभळीच्या सावलीत बसलेलं असणार आणि पोरं गाडीत झोपलेली असणार. पक्षी पहाटे, गड-देऊळ दुपारी, हरणं संध्याकाळी, हा क्रम धरा. म्हणजे पहाटे साडेचारला निघायचं (हो, साडेचार), पावणेसातला भिगवणजवळच्या कुंभारगावात, बोटीतून ९ पर्यंत बाहेर. सकाळी पाणी शांत असतं, नंतर वारा सुटला की छोटी बोट हलते आणि तुमचा सहा वर्षांचा हिरो घाबरेल.

आणि रेहेकुरीत चिंकारा नाही हो, काळवीट. चिंकारा बघायचा तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, ते बारामती तालुक्यात. फरक सोपा आहे, काळवीट नराची शिंगं पिळदार आणि पाठ काळीभोर, मादी पिवळट आणि बिनशिंगाची. चिंकारा अंगाने बारीक, रंग विटकरी, मादीलाही छोटी शिंगं असतात. रेहेकुरी जेमतेम २.१७ चौ. किमी आहे, १९८० चं अभयारण्य, त्यामुळे ताडोबासारखी जीप वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. शांत बसायचं आणि बघायचं.

भीमाकाठी
मी मूळचा इंदापूर तालुक्यातला म्हणून लिहितो. फ्लेमिंगो किती दिसणार ते कॅलेंडरवर नाही, उजनी धरणाच्या पाण्यावर ठरतं (भिगवणचं पाणी म्हणजे त्याचंच बॅकवॉटर). त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, चोच उलटी करून त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. धरण काठोकाठ असेल तर चिखलच उघडा पडत नाही, मग ते उशिरा येतात, कमी येतात. आमच्याकडे उन्हाळ्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न "उजनी किती टक्के?" आणि नंतर "मायनसमध्ये गेली का?" (म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खाली गेलं का) असाच असतो. तुम्ही आधी बोटवाल्याला फोन करून विचारा. फ्लेमिंगो नसले तरी हिरमुसू नका, पट्टकादंब (डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे), चित्रबलाक, नदी सुरय भरपूर असतात.

एक राहिलं. बाबांना इतिहासाची आवड आहे तर त्यांना पळसदेवचं सांगा. धरण १९८० च्या सुमाराला भरलं तेव्हा जुनं गाव पाण्यात गेलं, माणसं वर आली, पळसनाथाचं दगडी देऊळ तिथेच राहिलं. पाणी खूप उतरलं की ते बाहेर येतं. माझी आजी त्या पट्ट्यातली, ती म्हणायची देऊळ दिसलं की बरं वाटतं आणि भीतीही वाटते, कारण दिसलं म्हणजे दुष्काळ. एरवी आख्खं पुणे-सोलापूर त्या पाण्याला फक्त बॅकवॉटर व्ह्यू म्हणतं.

सासवडची_ताई
राशीन सोडून द्या या वेळी. त्याऐवजी भिगवणहून सिद्धटेकला जा, पेडगाव तिथून जवळ आहे, बाबांना अष्टविनायकातला गणपतीही होईल. उजव्या सोंडेचा आहे, देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. पूर्वी शिरापूरच्या बाजूने होडीने नदी ओलांडून जायचो, आता पूल आहे. फक्त प्रदक्षिणेच्या भानगडीत पडू नका, मूर्ती टेकडीला लागून आहे त्यामुळे घालायची तर अख्ख्या टेकडीला घालावी लागते, बाबांचे पाय दुखतील.

हडपसरकर
ताई प्रॉब्लेम झाला. सिद्धटेक म्हटल्यावर बाबा लगेच हो म्हणाले पण मग दर्शनाआधी मासे चालणार नाहीत म्हणे. आणि परत येताना आपण श्रीगोंदा-दौंडवरून, म्हणजे भिगवण लागतच नाही. माझ्या थाळीचं काय?

माळरान_भटका
😂 थाळीसाठी दुसरा रविवार.

पेडगावबद्दल बाबांसाठी: किल्ला भुईकोट आहे, चढ अजिबात नाही, पण आत बरंच चालायला लागतं आणि सावली कमी, टोपी-पाणी घ्या. संगमेश्वरला पकडल्यावर संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना फेब्रुवारी १६८९ मध्ये इथेच औरंगजेबासमोर आणलं, म्हणून आता धर्मवीरगड म्हणतात. बरेच लोक तेवढं बघून, फोटो काढून निघतात. तसं करू नका. आतलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ किल्ल्याच्याही कितीतरी आधीचं आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सावकाश बघा. नदीच्या अंगाला हत्ती मोट आहे, हत्ती लावून भीमेचं पाणी वर उपसायचे. पोरांना हे नक्की आवडेल, त्यांना आधी विचारा बैलाऐवजी हत्ती का.

चष्मेवाला_पक्षीमित्र
हात जोडून एकच विनंती, बोटवाल्याला "जवळ घ्या, उडवा, व्हिडिओ काढायचाय" असं सांगू नका. तो बिचारा गिऱ्हाईक नाराज नको म्हणून नेतो. थवा उडाला की फोटो भारी येतो हे मान्य पण दिवसभरात असं पंधरा बोटींनी केलं तर त्यांनी खायचं कधी? रेहेकुरीतही तेच, गवतात गाडी घालू नका. माळ म्हणजे पडीक जमीन नाही, तिथे चंडोल आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात.

हडपसरकर
जाऊन आलो! साडेचारला निघणार होतो, सव्वापाच झाले (पोरगीचा एक बूट सापडेना). फ्लेमिंगो लांब होते पण साठ-सत्तर तरी असतील, बोटवाले काका स्वतःच म्हणाले इथूनच बघा, दुर्बीण पण त्यांनीच दिली. पेडगावला बाबांनी गडाच्या दारातच चपला काढल्या, ऊन होतं, नको म्हटलं तरी ऐकेनात, तासभर तसेच फिरले. हत्ती मोटेपाशी धाकट्याने विचारलं हत्ती दमला की कोण ओढायचं, कुणाकडेच उत्तर नव्हतं. रेहेकुरीत साडेचारला पोचलो, पहिली वीस मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम बारा-तेरा माद्या आणि मागून एक काळाकुट्ट नर, मान वर करून चालत, जणू गावचा पाटील.

सासवडची_ताई
वा वा, छान. आणि थाळीचं शेवटी काय केलंत?

हडपसरकर
खाल्ली ना ताई. बोटिंग झाल्यावर बाकीच्यांनी पोहे खाल्ले, मी सकाळी साडेदहाला चिलापीची थाळी. मग सिद्धटेकला सगळे दर्शनाला गेले आणि मी बाहेर नदीवर बसून राहिलो. समोर एक खंड्या मासे मारत होता, त्याला मात्र कुणी काही बोलत नव्हतं.